धुवायची, की सापडली तशीच ठेवायची?

यावेळी जुन्या गाड्यांवरचे प्रश्न एकत्र घेतोय, कारण बहुतेकांचं म्हणणं फिरून फिरून तिथेच येतं. वाड्यात, शेतावर, सोसायटीच्या कोपऱ्यात गाडी कित्येक वर्षं नुसती उभी आहे, वर धूळ, पक्ष्यांची घाण, खाली गंज, आणि आता घरातल्या कुणीतरी मनावर घेतलंय. मग साफ करायची का आहे तशी जपायची यावरून घरात दोन पार्ट्या. पत्रं थोडी कापलीत, नावं घातली नाहीत, गावं तेवढी ठेवलीत.

सांगलीजवळच्या एका गावातून:

"आमच्या वाड्याच्या सोप्यात आजोबांची १९५७ ची डुक्कर फियाट उभी आहे. आजोबा गेल्यापासून ती हललेली नाही, टपावर कोंबड्या बसायच्या. आता वाडा पाडायचाय त्यामुळे गाडी हलवावीच लागणार. दादा म्हणतो प्रेशर वॉशर आणू, एकदा स्वच्छ धुऊन काढू, बॅटरी लावून स्टार्ट मारून बघू आणि मग काय ते ठरवू. माझा मुलगा म्हणतो बाबा हात पण लावू नका, हल्ली धुळीसकट गाड्यांनाच भाव आहे. काय करू?"

तुमचे दादा जास्त चुकतायत, म्हणून आधी त्यांना सांगतो. प्रेशर वॉशर ज्याचा असेल त्याला परत द्या. एवढ्या जुन्या पत्र्याचे सांधे, दाराच्या खालच्या कडा, हेडलाइटच्या मागची जागा, काचेच्या रबराखालची पट्टी, इथे माती आधीच भरून बसलेली असते, तिच्यात प्रेशरने पाणी घुसवलं की ती पाणी धरून ठेवते आणि आतून पत्रा खात बसते, वरून मात्र गाडी झकास दिसते आणि सगळे खूष. शिवाय जो रंग सुटत आलाय तो पापुद्र्यासारखा उडून जाईल, आणि एकदा धुतलं की धुतलं, तो परत आणता येत नाही.

आता मुलगा. धूळ म्हणजे काही संरक्षक कवच नाही हो. धूळ हवेतला दमटपणा ओढून धरते, कोंबडीच्या विष्ठेने रंग जळतो, आणि उंदीर ज्या गाडीत राहून गेलेत तिथे त्यांच्या मुताने पत्रा पण जातो आणि वायरिंग पण. त्यामुळे माझं सरळ म्हणणं असं की जे गाडीला खातंय ते काढायचं आणि जे गाडीबद्दल काही सांगतंय ते ठेवायचं, आणि कुठलं काय आहे हे कळेपर्यंत घाई करायची नाही.

म्हणून पहिलं काम फोटो. मोबाईलवर काढा पण भरपूर काढा, चारी बाजू, बॉनेटखाली, डिकीत, सीटखाली, दारांच्या आतल्या कडा, टायरवरची अक्षरं. धुळीत बोटाने कुणी नाव लिहिलं असेल तर त्याचाही काढा. मग ग्लोव्ह बॉक्स आणि दारांचे कप्पे. काचेवर चिकटवलेलं जुनं टॅक्स टोकन, पेट्रोल पंपाच्या पावत्या, गॅरेजचं बिल, देवाचा फोटो, डॅशबोर्डवर कुणीतरी ठोकलेली पट्टी, हे सगळं लोक पहिल्याच दिवशी झाडूने गोळा करून कचऱ्यात टाकतात आणि मग वर्षभराने फेसबुकवर विचारत फिरतात की आमच्या गाडीचा इतिहास कसा शोधू. पाकिटात घालून ठेवा, पाकिटावर कुठे सापडलं ते लिहा.

आत हात घालायच्या आधी मास्क आणि रबरी हातमोजे. उंदरांच्या घरट्यातून लेप्टो (उंदराच्या मुतातून पसरणारा ताप) होऊ शकतो, ही काही उगाच घाबरवायची गोष्ट नाही. आणि वाड्यात इतकी वर्षं बंद असलेली गाडी, सीटखाली काय बसलंय सांगता येत नाही, तर तालुक्यातल्या सर्पमित्राचा नंबर हाताशी असू द्या.

कोरडी धूळ मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर, नुसतं फडकं ओढू नका, फडक्याखाली वाळूचे कण आले की पॉलिश पेपर मारल्यासारखेच ओरखडे उठतात. विष्ठेचे थर खरवडायचे नाहीत, ओलं फडकं त्यावर ठेवून द्यायचं, भिजलं की आपोआप उचलून येतं. ब्रेकच्या ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने अजिबात उडवू नका, त्या काळच्या ब्रेक पट्ट्यांमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं की गेलं.

एवढं झालं की मग कुठे बादलीतलं पाणी, साधा सौम्य कार शॅम्पू आणि स्पंज, तेही आधी डिकीच्या झाकणाच्या कडेला हातभर जागेवर करून बघायचं. इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो, तुमच्या गाडीवर तो नाही, नुसता रंग आहे. त्यामुळे फडक्यावर निळं किंवा हिरवं यायला लागलं की आपण म्हणतो बघा किती मळ निघतोय, तो मळ नसतो, तो रंग असतो. रबिंग कंपाउंडवाल्याला तर जवळपास फिरकू देऊ नका, बॉनेटच्या उंचवट्यावर आणि मडगार्डच्या कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि मशीन तिथेच पहिलं आरपार जातं.

स्टार्ट मारून बघणं, हे तर धुण्यापेक्षा वाईट. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरलेल्या असणार, टाकीतल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा गाळ झालेला असणार, कापडी वेष्टणाच्या वायरी हात लावला की तडकणार, आणि त्यात तुम्ही नवी बॅटरी जोडणार म्हणजे आगीला आमंत्रण. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं पातळ तेल सोडा, काही दिवस तसंच राहू द्या, पुन्हा सोडा, मग स्टार्टिंग हँडलने हाताने हळू फिरवून बघा. नाही फिरलं तर जोर लावायचा नाही, अजून तेल आणि अजून दिवस. १०८९ सीसीचं साधं इंजिन आहे, जाणता मिस्त्री ते बसवेल, पण वाकलेला रॉड बसवत नाही कुणी.

आणि वाड्यातून हलवताना ट्रॅक्टरला दोर बांधून ओढायचा मोह होईल, गावात चार पोरं लगेच तयार पण होतील. नको. ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात, चाक फिरत नाही, घासत येतं आणि काहीतरी मोडतं. जॅकवर उचलून गाडीच्या चाकांखाली छोटी चाकं लावलेल्या पाट्या घाला आणि सपाट प्लॅटफॉर्मच्या टोइंग गाडीवर चढवा. नव्या जागी खाली कोबा किंवा फरशी हवी, माती नको, वर सुती कव्हर. मग एक पावसाळा जाऊ द्या. रंग करायचा की नाही हे त्यानंतर ठरवा, तोपर्यंत दादांचा राग पण उतरलेला असेल.

(ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट ११००, पुढची दारं उलटी उघडणारी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. पुढे याच कारखान्यातून डिलाइट आली, मग प्रेसिडेंट आणि पद्मिनी. समोरून तोंड बघितलं की डुक्कर का म्हणायचे ते कळतं.)

पुण्याहून:

"पॅरिसला २०१५ मध्ये धुळीने माखलेल्या, मोडक्या गाड्या लिलावात कोट्यवधी रुपयांना गेल्या असं वाचलं. माझ्या मामांची १९७८ ची पद्मिनी त्यांच्या शेडमध्ये धूळ खात आहे. मग ती तशीच ठेवून विकली तर जास्त पैसे येतील का?"

नाही येणार. तुमचं वाचलेलं खरं आहे पण अर्धं. फ्रान्सच्या पश्चिम भागात रॉजर बायों नावाचा मालवाहतुकीच्या धंद्यातला माणूस होता, १९५० च्या दशकात त्याने जुन्या उंची गाड्या जमवायला घेतल्या, म्युझियम काढायचं त्याच्या मनात होतं. धंदा बसला, १९७० च्या दशकात बऱ्याच गाड्या विकाव्या लागल्या, उरलेल्या तशाच उघड्या शेडमध्ये पडून राहिल्या. २०१४ मध्ये साठेक गाड्या पुढे आल्या आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये आर्टक्युरिअल या लिलाव कंपनीने त्या धुळीसकट मांडल्या. त्यातली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर १.६ कोटी युरोच्या वर गेली. पण ती गेली कशामुळे? त्या छोट्या व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी असलेल्या) गाड्या जगात मुळात पन्नास-साठच बनल्या, आणि ही एकेकाळी अ‍ॅलन देलाँ या नटाची होती. जुन्या मासिकांच्या ढिगाखाली सापडली ही गोष्ट फोटोत छान दिसते. धूळ म्हणजे लिलाववाल्यांनी दिलेली खात्री होती की कुणी हात लावलेला नाही, बस. फेरारी धुतलेली असती तरी करोडोंतच गेली असती.

त्याहून मला आवडणारं उदाहरण बुगाटीचं आहे. १९२५ ची ब्रेशिया, स्वित्झर्लंडमध्ये तिच्यावरची ड्युटी कुणी भरली नाही म्हणून कस्टमवाल्यांनी ती १९३६ मध्ये माजोरे तळ्यात बुडवली, साखळी बांधून, म्हणजे लागली तर वर काढता येईल. साखळी गंजून तुटली आणि गाडी तळाशी. १९६७ मध्ये पाणबुड्यांना दिसली, २००९ च्या जुलैमध्ये वर काढली. एका बाजूचा पत्रा जवळपास नाहीच. २०१० च्या जानेवारीत बोनहॅम्सच्या लिलावात ती २,६०,५०० युरोला गेली आणि पीटर मुलिन या संग्राहकाने ती कॅलिफोर्नियात ऑक्सनर्डच्या आपल्या म्युझियममध्ये तशीच, गंजलेली, उभी केली. हे मला पटतं. ती दुरुस्त करायची म्हणजे नवीनच बुगाटी बनवायची आणि जुनीचं नाव लावायचं.

आता मामांची पद्मिनी. ही गाडी २००० च्या आसपासपर्यंत बनत होती, म्हणजे दुर्मीळ म्हणता येणार नाही अशीच आपली समजूत होती. पण ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी कायद्याने बंद झाली, कारण शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. टॅक्स्या बहुतेक भंगारात गेल्या, आणि खाजगी ज्या उरल्या त्यातल्या बहुतेकांना कधी ना कधी लाल नाहीतर पिवळा रंग, अ‍ॅलॉय व्हील, फोमच्या सीटा असं सगळं झालेलं आहे. त्यामुळे मामांच्या गाडीवर कुर्ल्याच्या कारखान्यातलाच रंग, तेच रेक्झीन, तेच बटण असेल तर ती खरंच जपण्यासारखी आहे. धूळ काढा, ब्रेक आणि वायरिंग करून घ्या, रंगाला हात लावू नका. जो घेणारा जाणकार असेल तो याचेच जास्तीचे पैसे देईल, आणि जो नसेल त्याला धूळ बघून तुम्ही भंगारवाले वाटाल.

मडगावहून:

"वडिलांची मर्सिडीज १८० डी, पोर्तुगीज काळात घेतलेली. आमचं घर समुद्रापासून लांब नाही. शेडमध्ये निळी प्लॅस्टिकची ताडपत्री घालून ठेवली होती. फ्लोअरला भोकं आहेत. आत्ता पांढरा रंग आहे पण खरवडलं तर खाली निळा, त्याखाली करडा दिसतो. वडील म्हणायचे ती करड्या रंगाची आली होती. वरचे रंग काढून करडा परत आणता येईल?"

पहिल्यांदा ती ताडपत्री काढा, पत्र वाचून झाल्या झाल्या. प्लॅस्टिकखाली दमटपणा कोंडतो, दिवसा वाफ आणि रात्री थेंब, आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर गाडी उघडी ठेवलेली परवडली. सुती कव्हर आणि वारा खेळता.

गंजाचं म्हणाल तर सगळा गंज एका मापाचा नसतो. वरच्या पत्र्यावर तपकिरी डाग पडलाय, बोटाला गुळगुळीत लागतोय, तो वर्षानुवर्षं तसाच राहतो, त्याला कोरडं ठेवून मेणाचा हात दिला की पुरे. पण फ्लोअर, दाराखालची सिल, चॅसीच्या पोकळ जागा, सस्पेन्शन जिथे बसतं ते भाग, इथे पापुद्रे सुटत असतील, स्क्रूड्रायव्हर टोचला की आत जात असेल, तर तिथे पॅटिनाचं, म्हणजे वयाने आलेल्या जुनेपणाच्या छटेचं, कौतुक करत बसायचं नाही. सडकं कापायचं आणि नवा पत्रा जोडायचा, पण सडलंय तेवढंच. टिंकरला, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याला, अख्खा फ्लोअर बदलणं सोपं जातं म्हणून तो तेच सुचवणार, त्याला सांगा जेवढं चांगलं आहे तेवढं राहू दे, आणि काढलेले तुकडे फेकू नको. पोकळ भागात पिचकारीने पातळ मेण किंवा लॅनोलीन (लोकरीतलं मेण) सोडा, तुमच्याकडे हे दर पावसाळ्याआधी करावं लागेल, एकदा करून भागणार नाही.

रंगाचा प्रश्न मजेशीर आहे. येतो परत, कधी कधी. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर २०२२ मध्ये उतरवले तेव्हा आतलं मूळ रूप दिसलं, तसंच काहीसं, फक्त इथे आतलं रूप आहे का हे आधी कळायला हवं. कारण बहुतेक पेंटर नवा रंग देताना जुना घासून काढतात, पुट्टी भरतात, म्हणजे दाराच्या कडेला करडा दिसला तरी दाराच्या मधोमध तो असेलच असं नाही. टपावर, डिकीवर, मडगार्डवर रुपयाएवढ्या खिडक्या उघडून बघा, बारीक वॉटर पेपरने, पाणी लावून. कोरडं घासू नका, त्या काळच्या रंगात शिसं असायचं आणि त्याची धूळ घरात पोरंबाळं असतील तर फार वाईट. बहुतेक ठिकाणी करडा शाबूत असेल तर पुढे जा, हे महिन्यांचं काम आहे आणि ते पेंटरकडे देण्यासारखं नाही, स्वतः बसून करण्यासारखं आहे. नसेल तर पांढरा राहू द्या. तुमच्या वडिलांनीच दिलेला असणार ना तो, मग तोही गाडीचाच इतिहास आहे, १९६१ च्या आधीचा करडा तेवढा खरा आणि नंतरचा पांढरा खोटा असं काही नाही.

कोल्हापूरहून एका गॅरेजवाल्यांचं, प्रश्न कमी आणि तक्रार जास्त:

"तुमच्या मासिकात सारखं ओरिजिनल ठेवा, पॅटिना ठेवा असं येतं. हे सगळं परदेशातल्या श्रीमंतांचं फॅड. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते म्हणतं गाडी शोरूममधून काढल्यासारखी दिसली पाहिजे, मुलीच्या लग्नात वरातीला काढायचीय. सडकी गाडी ठेवा म्हणून सांगितलं तर तो दुसरीकडे जाईल. आम्ही काय खायचं?"

तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे आणि ते मी आधी लिहितो. ज्या गाडीचा रंग आधीच दोन-चारदा बदललाय, सीट बदललीय, पुट्टीचे थर आहेत, तिच्यात जपण्यासारखं कातडीवर काही राहिलेलंच नाही, तिला मस्त रंग द्या, वरातीत काढा, लोकांना बघू दे. नुसती कळकट आहे म्हणून गाडी थोर होत नाही. आणि हल्ली काही जण मुद्दाम रंग घासून, ॲसिड मारून नवा गंज आणतात आणि वर पारदर्शक कोट मारून जुनी म्हणून मिरवतात, त्याच्यापेक्षा तुमची वरातीची गाडी शंभर पटीने प्रामाणिक.

पण फॅड म्हणू नका. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना आहे, फिव्हा, १९६६ पासूनची, तिने २०१२-१३ मध्ये ट्युरिन चार्टर नावाचा एक दस्तऐवज केला. इमारती आणि चित्रं जपणारे लोक जो विचार करतात तोच त्यांनी गाड्यांना लावला. आधी आहे ते सांभाळा, मग बिघडतंय ते थांबवा, आणि अगदीच गरज पडली तर रिस्टोरेशन करा, आणि केलं तर नवीन घातलेला भाग ओळखू येईल अशी खूण ठेवा. अमेरिकेत पेबल बीचच्या स्पर्धेत, जिथे पूर्वी फक्त आरशासारख्या चकचकीत गाड्या जिंकायच्या, तिथे २००१ पासून न रंगवलेल्या, मूळ अवस्थेतल्या गाड्यांसाठी वेगळा गट आहे. म्हणजे श्रीमंतांचं आहे हे खरं, पण कारण त्यांनी दोन पिढ्या सगळ्या गाड्या चकचकीत करून टाकल्या आणि मग कळलं की कारखान्यातून त्या नेमक्या कशा येत होत्या, पेंटचा पोत कसा होता, शिवण कशी होती, हे बघायला एकही गाडी धड उरली नाही. आपण ती गंमत करायला आत्ता सुरुवात केलीय.

आता पोटाचं. जपणुकीत काम कमी नसतं हो, वेगळं असतं. ब्रेकचे व्हील सिलिंडर, होज पाइप, मास्टर सिलिंडरचं किट, कार्ब्युरेटर, रेडिएटर साफ करणं, टाकी आतून धुणं, जुन्या रंगाच्या वायरी मिळवून हार्नेस बांधणं, एवढं सगळं बाहेरून काही न दिसता करायचं, याला रंगापेक्षा जास्त डोकं लागतं आणि त्याचे पैसे लावायला लाजू नका. फक्त अडचण अशी की गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे फोटो काढून द्या आणि बिलात नीट लिहा. आणि मला तुमच्याकडून एवढंच हवंय की काढलेला प्रत्येक पार्ट, तुटका बिल्ला असो नाहीतर फाटकं रेक्झीन, चिठ्ठी लावून गोणीत भरून मालकाला परत द्या. त्याने भंगारात घातला तर घालू दे. तुमच्या गॅरेजमधून जायला नको.

ठाण्याहून:

"१९६१ ची अ‍ॅम्बॅसेडर, इंजिन जाम. मेकॅनिक म्हणतो डिझेल इंजिन टाकू. मला व्हिंटेजचा नंबर पण घ्यायचा आहे. चालेल?"

दोन्ही एकत्र अवघड आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, त्यानुसार ५० वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात ठेवलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार न केलेली असली पाहिजे. तुम्ही डिझेल इंजिन बसवलंत की तिथेच गाडी तपासणाऱ्या समितीपुढे अडकलात. त्यातलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन उघडून, तोच ब्लॉक ठेवून दुरुस्त करणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि या इंजिनाचं काम जाणणारे मिस्त्री अजून मिळतात. नोंदणी फी २०,००० रुपये, १० वर्षं चालते, नंतर ५,०००. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं, पण आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, तो ठेवाच. आणि हे लक्षात घ्या की या नोंदणीवर रोज ऑफिसला जाता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. रोज फिरवायची असेल तर नेहमीचं फिटनेस आणि दर ५ वर्षांचं नूतनीकरण.

नागपूरहून:

"सीटचं मूळ रेक्झीन तीन ठिकाणी फाटलंय, आतला काथ्या बाहेर येतोय. बदलू?"

नको. फाटलेल्या जागी आतून कापडाची पट्टी सरकवा, लवचिक डिंकाने चिकटवा, रेक्झीनच्या कडा जुळवून दाबून ठेवा. काथ्याला वाळवी किंवा कसर असेल तर तेवढा भाग बदला. बसायचंच असेल तर वर सुती खोळ शिवून घ्या, पूर्वी सगळ्यांच्या गाडीत असायचीच. ड्रायव्हरची सीट अगदीच गेली असेल तर तेवढी एक करा आणि मागची तशीच राहू द्या, म्हणजे नवीन रेक्झीनचा पोत जुळवायला नमुना तरी राहील.

नाशिकहून:

"यूट्यूबवर दाखवतात की गंजलेल्या पत्र्यावर जवसाचं तेल लावलं की रंग खुलतो आणि गंज थांबतो. लावू का?"

बॉइल्ड लिनसीड म्हणून रंगाच्या दुकानात मिळतं ते. खुलतो हे खरं, गंज थांबतो हे अर्धं खरं, हळू होतो असं म्हणा. ते वाळून पत्र्यावर कडक थर बनतो आणि पुढे कधी रंग द्यायचा झाला तर तो काढणं डोकेदुखी, त्यामुळे माझं मत मेणाच्या बाजूने, ते पुसून काढता येतं. तरी लावणारच असाल तर अगदी पातळ हात, आणि तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. हे तेल वाळताना गरम होतं आणि चिंध्यांचा ढीग काडी न लावता आपोआप पेटतो. उघड्यावर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, आणि हे काम गाडी उभी आहे त्या शेडमध्ये तर करूच नका.